वजन उतरवण्यासाठी कमी कॅलरींची फ्रोझन जेवणे: दोन्ही वेळा चालतील का?

हिमगंधा

नमस्कार. मी मिनिआपोलिसमध्ये राहते. वय ४३, उंची ५ फूट २ इंच, वजन ७१ किलो. यंदाच्या तपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ५.९ टक्के आल्यामुळे डॉक्टरांनी मधुमेहपूर्व अवस्था असल्याचे सांगितले. तूर्त औषध न देता वजन कमी करण्याचा सल्ला मिळाला असून दिवसाला साधारण १४०० कॅलरींची मर्यादा ठरली आहे.

माझी नोकरी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आहे आणि घरी यायला रात्रीचे आठ वाजतात. त्यानंतर एकटीसाठी कुकर लावण्याचे त्राण उरत नाही, म्हणून दुपारी आणि रात्री लीन क्विझीन, हेल्दी चॉइस किंवा एमीज या ब्रँडांपैकी एखादे फ्रोझन जेवणाचे खोके मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खाते. मी शाकाहारी आहे, अंडी चालतात. खोक्यावर कॅलरी छापलेल्याच असतात, त्यामुळे हिशोब सोपा जातो. सुरुवातीला वजन उतरलेही. आता मात्र काटा हलत नाही, आणि दुपारचे जेवण झाल्यावर चार वाजेपर्यंत इतकी भूक लागते की ड्रॉवरमधला चिवडा किंवा शेंगदाणे हाताला लागतातच. रात्री झोपण्यापूर्वीही तेच होते. अशी जेवणे रोज दोन्ही वेळा खाणे योग्य आहे का, आणि खायचीच झाली तर कशी निवडावीत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रातांबा

हिमगंधाताई, मी न्यू जर्सीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. तुमच्यासारखा दिनक्रम असलेले पुष्कळ लोक माझ्याकडे येतात आणि त्यांना मी खोकी फेकून द्यायला सांगत नाही. फक्त त्या खोक्याला पूर्ण जेवण समजू नका, एवढेच सांगते.

कारण साध्या बेरजेत आहे. या प्रकारच्या खोक्यात साधारण २५० ग्रॅम अन्न आणि २०० ते ३५० कॅलरी असतात. दुपारी २८०, रात्री २८० आणि सकाळी ३०० धरल्या, तरी एकूण ८६० होतात. तुमची मर्यादा १४०० ची आहे. मधल्या ५४० कॅलरी तुम्ही कशासाठीच राखून ठेवलेल्या नाहीत, म्हणून चार वाजता भूक स्वतःच त्यांची सोय लावते, आणि ती सोय चिवड्याची असते. तीस ग्रॅम शेंगदाण्यांत १७० कॅलरी असतात आणि तीस ग्रॅम म्हणजे एक मूठ. येता-जाता तीन-चार मुठी तोंडात गेल्या की मर्यादा ओलांडली जाते, आणि खोके इतके काटेकोर असूनही काटा का हलत नाही, असा प्रश्न पडतो. उपाशी राहिल्यामुळे शरीर चरबी सोडत नाही, असे काही जण सांगतील. तिकडे लक्ष देऊ नका. बहुतेक वेळा न मोजलेले खाणेच आडवे येते.

दुसरी बाब प्रथिनांची. प्रौढांसाठीचे किमान प्रमाण वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम धरतात. तुमच्या बाबतीत ते ५७ ग्रॅम होते. वजन उतरवताना स्नायू टिकावेत म्हणून आम्ही सहसा १.२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ८५ ग्रॅमपर्यंत जायला सांगतो. शाकाहारी खोक्यात अनेकदा १२ ते १५ ग्रॅमच असतात, म्हणजे दोन खोक्यांतून फार तर तीस ग्रॅम मिळतात. चोथ्याचेही (फायबरचेही) तेच. अमेरिकेतल्या लेबलवर दिवसाचे प्रमाण २८ ग्रॅम धरलेले असते आणि पास्ता किंवा पांढऱ्या भाताच्या खोक्यात तीन-चार ग्रॅमच्या वर तो क्वचितच जातो. पोट भरल्याची भावना टिकवणाऱ्या या दोन्ही गोष्टी तिथे कमी पडतात.

म्हणून खोक्यात भर घाला. फ्रीझरमध्ये ब्रोकोली, फरसबी किंवा पालक यांच्या साध्या, सॉस नसलेल्या पिशव्या ठेवा. कपभर ब्रोकोलीत ३० कॅलरी असतात. ती वेगळी गरम करून त्याच सॉसमध्ये मिसळली की ताटलीतले अन्न दीडपट दिसते आणि असतेही. जोडीला दोन उकडलेली अंडी, किंवा अर्धा कप सोललेले एडामामे (कोवळे हिरवे सोयाबीन), किंवा १७० ग्रॅमचे साधे, साखर नसलेले ग्रीक योगर्ट घ्या. या योगर्टमधून शंभरच्या आसपास कॅलरींत १७ ग्रॅम प्रथिने मिळतात. जेवण ४५० कॅलरींपर्यंत गेले तरी बिचकू नका. त्यामुळे चारचा चिवडा टळणार आहे.

चकोल्या

वरील हिशोब पटला, तरी या खोक्यांची इतकी सहज पाठराखण करावी असे मला वाटत नाही. माझा आक्षेप प्रामुख्याने मिठाला आहे. एका खोक्यात ५०० ते ७०० मिलिग्रॅम सोडियम असणे सर्वसाधारण आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते, अमेरिकेची मर्यादा २३०० ची आहे. दोन खोक्यांतच जवळपास निम्मा किंवा त्याहून अधिक कोटा संपला, तर ब्रेड, चीज आणि आपले लोणचे-पापड यांना जागा उरते कुठे? भरपूर मीठ पोटात गेले की शरीर पाणी धरून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसू शकतो, तेव्हा न हलणारा काटा काही अंशी याचाही परिणाम असू शकेल.

दुसरा आक्षेप अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाबद्दल आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वीस माणसांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तेवढे खाण्यासाठी दिले होते. दोन्ही आहारांत साखर, मेद, चोथा यांचे प्रमाण सारखे ठेवूनही पहिल्या प्रकारात माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. असे असताना घरचे वरण, उसळ, भाजी सोडून खोक्यांवर दिवस काढायला का सांगावे?

रातांबा

चकोल्या, मिठाचा मुद्दा निर्विवाद आहे. दिवसाच्या प्रमाणाच्या पाच टक्के म्हणजे कमी आणि वीस टक्के किंवा अधिक म्हणजे जास्त, हा लेबल वाचण्याचा अमेरिकेतला ढोबळ नियम आहे, आणि यातली बहुतेक खोकी वीसच्या वर जातात. ६०० मिलिग्रॅमच्या आतलेच खोके उचलावे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर दिवसाला एकावरच थांबावे. साधी भाजी मिसळण्याचा फायदा इथेही होतो, कारण तेवढ्याच मिठात अन्न वाढते.

हॉल यांच्या प्रयोगाचा अर्थ मात्र तुम्ही थोडा ताणला आहे. तिथे अन्न ‘हवे तेवढे’ होते आणि इथे खोके संपले की जेवण संपते. वाढून घेण्याची सोयच नसणे, हा या खोक्यांचा खरा गुण आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतला २०१६ चा एक अभ्यास याच प्रश्नावर आहे. त्यात समुपदेशनाच्या जोडीला तयार, मोजलेली जेवणे घेणाऱ्यांचे वजन, स्वतः अन्न निवडणाऱ्यांपेक्षा तीन महिन्यांत अधिक उतरले. त्याला पैसा नेस्लेचा होता आणि लीन क्विझीन नेस्लेचेच आहे, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा.

आणि घरच्या जेवणाबद्दल बोलायचे, तर एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. फोडणीला बुधलीतून धार धरली की दोन चमचे कधी पडले ते आपल्याला कळतही नाही. घरचे जेवण चांगलेच. पण ते आपोआप हलके असते, ही समजूत वजन उतरवणाऱ्याला महागात पडते. छापील आकडाही अगदी तंतोतंत नसतो, हे त्याच न्यायाने सांगायला हवे. टफ्ट्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये अशी जेवणे प्रत्यक्ष तपासली, तेव्हा छापील आकड्यापेक्षा ती सरासरी ८ टक्क्यांनी जड निघाली. २८० च्या खोक्यात हा फरक वीस-बावीस कॅलरींचा, म्हणजे सोडून देण्यासारखा आहे.

मोजपट्टी

आहाराविषयी वरचे दोघे बोललेच आहेत. मी व्यवसायाने अन्न-अभियंता असल्याने लेबल आणि गरम करणे या दोनच गोष्टींवर लिहितो.

खोक्याच्या समोरच्या बाजूचे वाचू नका, मागचे वाचा. ‘लो कॅलरी’ या शब्दांना अमेरिकी नियमांत अर्थ आहे: पूर्ण जेवणाच्या बाबतीत १०० ग्रॅमला १२० कॅलरींपेक्षा जास्त नकोत. ‘पॉवर’, ‘बॅलन्स’ असल्या शब्दांमागे असा आकडा नसतो. तुमचा एचबीए१सी पाहता ‘अ‍ॅडेड शुगर्स’ (वरून घातलेली साखर) ही ओळ चुकवू नका. तेरियाकी किंवा आंबटगोड सॉसच्या खोक्यात साखर हमखास सापडते, आणि मेद कमी असल्याच्या समाधानात तिच्याकडे दुर्लक्ष होते.

आता गरम करण्याविषयी. बर्फ सूक्ष्मलहरी फारशा शोषत नाही, पाणी मात्र झपाट्याने शोषते. त्यामुळे कडेचा जो भाग आधी वितळतो तोच भराभर तापत जातो आणि मधला गोळा तसाच राहतो. सॉस कडेला खदखदत असतो, त्याचा थर ट्रेला करपून चिकटलेला असतो, आणि मध्यभागी काटा घातला तर भाताचा गड्डा बर्फासारखा लागतो. असे अर्धे करपलेले, अर्धे गार अन्न खाऊन मन भरत नाही, आणि मग काहीतरी ‘नीट’ खावेसे वाटते. खोक्यावरची वेळ बहुधा १००० ते ११०० वॉटच्या यंत्रासाठी असते. तुमच्या कचेरीतला ओव्हन ७०० चा असेल (आकडा दाराच्या आत किंवा मागे लिहिलेला असतो), तर जास्त वेळ लागेल. अर्ध्यावर थांबवून मधला भाग कडेला आणि कडेचा मध्ये असे ढवळावे, आणि शेवटी दोन मिनिटे तसेच राहू द्यावे. ती दोन मिनिटे सूचनेत उगाच लिहिलेली नसतात, त्या वेळात उष्णता आतपर्यंत पोचते. मध्यभागी १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस तापमान यायला हवे. यातली पुष्कळ जेवणे पूर्ण शिजवलेली गृहीत धरता येत नाहीत.

हिमगंधा

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या ५४० कॅलरींचा हिशोब वाचून बरेच उलगडले. दोन शंका उरल्या आहेत. भारतीय दुकानात मिळणारी पालक पनीर, छोले-भात अशी फ्रोझन जेवणे याच पद्धतीने चालतील का? आणि चकोल्या म्हणतात तसे घरचे अन्न रविवारी करून गोठवायचे म्हटले, तर आपल्या पदार्थांपैकी काय टिकते?

रातांबा

भारतीय खोकी चवीला अधिक जवळची असतात, पण ती बहुधा कमी कॅलरींच्या गटातली नसतात. पनीर आणि क्रीम असलेले भातासकट खोके ४०० च्या पुढे सहज जाते. छोले, राजमा, डाळ असलेली त्यातल्या त्यात बरी, कारण चोथा आणि प्रथिने दोन्ही मिळतात. पराठ्यांच्या पाकिटावरचा आकडा एका पराठ्याचा असतो, हेही पाहून घ्यावे. दोन वेळांपैकी एका वेळी असे खोके घेतले आणि दुसऱ्या वेळी हलके, तर हिशोब जमतो.

आणखी एक. १४०० हा आकडा रोज पाळण्यापेक्षा वजनाचे उद्दिष्ट समोर ठेवा. मधुमेह प्रतिबंधाच्या २००२ च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात सात टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करणे हे लक्ष्य दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले. सात टक्के म्हणजे तुमच्यासाठी पाच किलो. त्यावर आधारलेले वर्ग अमेरिकेत ठिकठिकाणी चालतात आणि काही विमा कंपन्या त्यांचा खर्च देतात. डॉक्टरांकडे चौकशी करावी.

चकोल्या

गोठवण्याचे मी सांगते. मूग, मटकी, चवळी यांच्या उसळी, साधे वरण, राजमा आणि पालकाची पातळ भाजी उत्तम टिकतात. बटाटा घालू नये, तो वितळल्यावर रवाळ आणि पाणचट होतो. कढी फाटते. कोबी आणि दुधी लिबलिबीत होतात. काचेच्या छोट्या, पसरट डब्यांत एकेका वेळेचे अन्न काट्यावर वजन करून भरावे आणि झाकणावर ग्रॅम व तारीख लिहावी. म्हणजे रातांबा म्हणतात तो ‘वाढून न घेण्याचा’ गुण घरच्या अन्नालाही येतो. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत डबे फ्रिजमध्ये, मग फ्रीझरमध्ये जावेत, आणि दोन-तीन महिन्यांत संपवावेत. फोडणीचे तेल पातेल्यात पडण्यापूर्वी चमच्याने मोजावे. मीठ शिजवताना निम्मेच घालावे. गरम केल्यावर लिंबू पिळून कोथिंबीर भुरभुरली की उरलेले बहुतेक वेळा लागत नाही. पोळ्या मात्र गोठवण्यापेक्षा ताज्याच कराव्यात, किंवा त्या रात्री पोळीशिवाय उसळ आणि वाफवलेली भाजी खावी.