मदत हवी आहे: जर्मनीत निर्वासित मुलाकडे आलेल्या आईवडिलांचं रेसिडन्स परमिट

नमस्कार मंडळी, इथे जर्मनीत व्हॉलंटियर म्हणून एका सिरियन कुटुंबाची कागदपत्रं बघतेय आणि आता अडकलेय. मुलगा एकटा आला होता, त्याला पूर्ण रिफ्युजी स्टेटस आहे (सब्सिडियरी प्रोटेक्शन, म्हणजे त्याहून खालच्या दर्जाचं संरक्षण, नाही; ते असलेल्यांचं फॅमिली रियुनियन, म्हणजे कुटुंबाला बोलावून घेणं, जुलै २०२५ पासून दोन वर्षं बंदच आहे म्हणून आधीच सांगते). तो अल्पवयीन असतानाच आईवडील रीतसर व्हिसावर आले, जर्मन रेसिडन्स कायद्याच्या (AufenthG) कलम ३६ परिच्छेद १ खाली वर्षभराचं परमिट मिळालं. मधे पोरगा १८ चा झाला आणि आता परमिट संपत आलंय.

परदेशी नागरिकांच्या ऑफिसात (Ausländerbehörde) तोंडी सांगतात की मुलगा सज्ञान झाला म्हणजे आधार संपला. युरोपियन युनियनच्या कोर्टाचा १ ऑगस्ट २०२२ चा निकाल दाखवला, त्यात मूल १८ चं झालं म्हणून आईवडिलांचा हक्क जात नाही आणि किमान एक वर्षाचं परमिट द्यायलाच हवं असं आहे, तर म्हणे ते वर्ष दिलं की! रिन्यूअलचा अर्ज मुदतीत लेखी टाकलाय, पोच आहे, उत्तर नाही.

वडील पार्टटाइम कामाला आहेत पण तेवढ्यावर घर चालत नाही, जर्मन जेमतेम. स्वतः असायलम मागायची दोघांची तयारी नाही, तो सल्ला कृपया नको. सल्ला केंद्राची अपॉइंटमेंट लांबची मिळालीये.

तर ते एक वर्ष म्हणजे किमान मर्यादा की तिथेच हक्क संपतो? आणि मुलगा सज्ञान झाल्यावर कुणाच्या ओळखीत असं परमिट रिन्यू झालंय का, कुठल्या कलमाखाली?