करवंदांचा जॅम दगडासारखा घट्ट का झाला?

पंचगंगाकाठ

नमस्कार. गेल्या वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पन्हाळ्याच्या अलीकडे एका परिचितांच्या माळावरून आम्ही सुमारे ३ किलो करवंदे तोडून आणली. खाऊन आणि शेजारीपाजारी वाटून जी २ किलो उरली, त्यांचा जॅम करावा असे ठरवले. माझी भाची इंग्लंडमध्ये असते. तिकडे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कुंपणांवर पिकणाऱ्या रानटी ब्लॅकबेरी तोडून ती दरवर्षी जॅम करते. तिचीच कृती मी जशीच्या तशी वापरली: फळाइतकीच साखर, एका लिंबाचा रस, आणि थर्मामीटरवर १०५ अंश सेल्सिअस दिसेपर्यंत उकळणे.

काटा १०३ च्या आसपास बराच वेळ रेंगाळला. १०५ दिसेपर्यंत मी आच बंद केली नाही आणि परिणाम असा झाला, की दुसऱ्या दिवशी बरणीतला जॅम सुरीने कापून काढावा लागला. शिवाय पातेल्याच्या कडेला रबरासारखा चिकट थर बसला, तो घासूनही पूर्ण निघाला नाही, आणि जॅमला किंचित तुरटपणाही आला. फळे तोडण्यात मुलांचा पुढाकार असल्यामुळे त्यांत हिरवी आणि लालसर करवंदे निम्म्याहून अधिक होती, हेही सांगून ठेवते.

यंदा नेमके काय बदलावे? कच्ची करवंदे वेगळी काढली तर त्यांचे काय करता येईल? आणि पुढच्या रविवारी मुलांना घेऊन दाजीपूरच्या बाजूला करवंदे तोडायला जावे असा विचार आहे, तो योग्य आहे का?

बावड्याचा पाऊस

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. दाजीपूरचे जंगल राधानगरी अभयारण्यात येते. १९५८ साली गव्यांसाठी राखले गेलेले हे राज्यातले पहिले अभयारण्य, आणि तिथून परवानगीशिवाय फळे तोडून आणणे वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यात बसत नाही. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी करवंदाच्या जाळीआड गवा उभा असला, तर तो पुष्कळदा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. मुलांना घेऊन तिथे शिरू नये. आपल्या परिचितांच्या माळासारखी, मालकाला विचारून जाता येईल अशी जागाच बरी. ते जमले नाही, तर डोंगरातल्या वाड्यांवरच्या बायका पाट्या घेऊन कोल्हापूरच्या बाजारात बसतात, त्यांच्याकडून घ्यावीत. त्यांची फळे पहाटे तोडलेली आणि निवडलेली असतात, आणि त्यांच्याशी भावात घासाघीस करणे मला तरी जमत नाही.

माझे बालपण गगनबावड्याकडे गेले, त्यामुळे तोडण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. जाळीत हात घालण्यापूर्वी काठीने ती चांगली हलवावी, कारण दुपारच्या उन्हात तिच्या गार बुंध्याशी साप विसावलेला असू शकतो. करवंदाचे काटे जोडीने येतात आणि फळ बहुधा त्यांच्या बेचक्यातच असते. म्हणून फांदी ओढू नये, एका हाताने तिचे टोक धरून दुसऱ्या हाताने एकेक फळ पिळा देऊन काढावे. काळेभोर आणि दाबल्यावर मऊ लागणारे फळ नुसत्या स्पर्शाने सुटते. ओढावे लागते ते पिकलेले नाही, आणि त्याच्याच देठातून पांढरा चीक येतो.

हा चीकच आपल्या पातेल्याला बसला आहे. करवंद हे कण्हेरीच्या कुळातले झाड असल्यामुळे त्याच्या प्रत्येक भागात दुधासारखा चीक असतो. कच्च्या फळात तो भरपूर असतो आणि फळ पिकत जाईल तसा कमी होतो. नुसत्या पाण्याने तो निघत नाही, तेलाने मात्र सुटतो. म्हणून तोडायला जाण्यापूर्वी आई आमच्या हातांना गोडेतेल लावून देत असे. पातेल्यालाही आतून तेल चोळून रात्रभर ठेवा आणि सकाळी गरम राखेने किंवा साबणाने घासा.

फळे प्लास्टिकच्या पिशवीत आणली असतील तर तीही चूक म्हणावी लागेल. उन्हात ती घामेजतात आणि घरी येईपर्यंत त्यांचा लगदा होतो. आम्ही पळसाच्या पानांचे द्रोण करत होतो. वेताची टोपलीही चालेल. वळवाचा एखादा पाऊस झाला की करवंदे टपोरी आणि गोड होतात, पण मृग लागल्यावर ती फुटतात आणि त्यांत अळ्याही सापडतात. तेव्हा पुढच्या रविवारी जाणार असाल तर त्यानंतर फार थांबू नका. मुलांना ‘कोंबडा की कोंबडी’ शिकवले आहे का? फळ फोडायचे, आत लाल निघाले तर कोंबडा आणि पांढरट निघाले तर कोंबडी. आमची निम्मी करवंदे या पैजेतच संपत असत.

साखरपाक

मी फळप्रक्रियेचे वर्ग घेते, म्हणून घट्टपणाविषयी लिहिते. इथे दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत.

पहिली उंचीची. १०५ अंश हा आकडा समुद्रसपाटीजवळच्या स्वयंपाकघरासाठी आहे, जिथे पाणी १०० अंशांना उकळते. दर ३०० मीटर उंचीमागे हा उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडे अधिक उंचीवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते आणि जॅम १०३ च्या सुमारास तयार होतो. काटा जिथे रेंगाळला, तिथेच तो झाला होता. पुढच्या २ अंशांसाठी आपण त्यातले पाणी आटवत राहिलात. थर्मामीटर आधी साध्या उकळत्या पाण्यात बुडवून पाहा आणि जो आकडा येईल त्यात साडेचार ते पाच मिळवा. थर्मामीटर थोडा चुकीचा असला तरी या पद्धतीत ती चूकही सांभाळली जाते.

दुसरी गोष्ट पेक्टिनची. जॅम गोठवणारा हा पदार्थ पिकलेल्या ब्लॅकबेरीत बेताचाच असतो, म्हणून तिकडे त्या जॅममध्ये लिंबू आणि पुष्कळदा आंबट सफरचंदही घालतात. करवंदात पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही मुळातच भरपूर, आणि कच्च्या फळात तर अधिकच. आपली निम्मी फळे कच्ची होती, त्यात लिंबाची भर पडली आणि वर २ अंशांची जास्तीची उकळी! त्यामुळे जॅम सुरीला तरी दाद देत होता, याचेच आश्चर्य वाटते.

मी पाऊण भाग काळी आणि पाव भाग लालसर फळे घेते. हिरवी पूर्ण काढून टाकते, त्यामुळे तुरटपणाही जातो. जेमतेम बुडतील इतक्या पाण्यात ती मऊ शिजवून पुरणयंत्रातून काढावीत, म्हणजे बिया, साले आणि गोठलेला चीक मागे राहतो. मिळालेल्या १ किलो गरासाठी ७०० ते ७५० ग्रॅम साखर पुरते, लिंबू नको. साखर फळे शिजल्यानंतरच घालावी, आधी घातल्यास साले चिवट राहतात. भांडे स्टीलचे किंवा कल्हईचे असावे. ॲल्युमिनियमचे नको, कारण हा गर फार आंबट असतो. शेवटी फ्रीजरमध्ये ठेवलेल्या ताटलीवर थेंब टाकून बोटाने सरकवावा, त्यावर सुरकुती पडली की आच बंद. कढईत तो तेव्हा पातळच वाटेल, पण गार होताना घट्ट होत जातो.

तिखटमीठ

कच्च्या करवंदांची एवढी काळजी का करता? मी तर त्यांच्यासाठीच बाजारात जाते. हिरवी करवंदे दगडी खलात हलकेच ठेचून बिया काढाव्यात आणि मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून निथळावीत, म्हणजे बराचसा चीक निघून जातो. मग एक वाटी करवंदांना तव्यावर भाजलेल्या ५-६ हिरव्या मिरच्या, ७-८ लसूण पाकळ्या, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून ठेचा करावा. गूळ गोडीसाठी नाही, आंबटपणाची धार मोडण्यासाठी असतो. ज्वारीची भाकरी हवीच. लोणचे करायचे असेल तर अर्धी चिरलेली करवंदे हळद-मिठात रात्रभर मुरवून सुटलेले पाणी काढून टाकावे आणि मग मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट आणि तापवून पूर्ण गार केलेले तेल घालावे.

एक अवांतर: बेकरीतल्या केकवर ज्या लाल ‘चेरी’ असतात, त्या पुष्कळदा बी काढून, रंगवून पाकात मुरवलेली करवंदेच असतात.

पंचगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी साध्या पाण्यात थर्मामीटर धरून पाहिला. पाणी खळखळून उकळत असताना काटा ९८ वर होता. दाजीपूरचा बेत रद्द केला असून रविवारी पुन्हा त्याच माळावर जाऊ. गेल्या वर्षीची एक बरणी फ्रिजच्या मागच्या बाजूला सापडली. त्या जॅमचे दोन तुकडे पाण्यात उकळून गाळून घेतले, त्याचे सरबत मुलांना आवडले. पातेल्याला तेल चोळून ठेवले आहे, सकाळी काय होते ते कळवते.