खोकल्याच्या गोळीने हार्टबीट बिघडतात का? आई ७८

प्रश्न (नौपाडा, ठाणे):
आईला बीपी आहे, पाय सुजतात म्हणून लघवीची गोळी चालू आहे, उदास राहते म्हणून एस्सिटालोप्राम, आणि अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल-डॉम्पेरिडोनवाली कॅप्सूल तर कित्येक वर्षं सकाळी उपाशीपोटी घेतेच. आता खोकल्यासाठी जवळच्या क्लिनिकमधून अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं आणि पूजा करताना एकदम डोळ्यांपुढे अंधारी येऊन खालीच बसली. ईसीजीत क्यूटीसी (ठोक्याच्या वेळेचं एक माप, मिलिसेकंदांत) ४९० आलंय, म्हणजे जास्त. फिजिशियननी अ‍ॅझिथ्रो आणि गॅसची कॅप्सूल बंद केली, पोटॅशियम तपासायला सांगितलंय. हार्टचा त्रास कधीच नव्हता हो, खरंच गोळ्यांनी होतं असं?

उत्तर (नेरुळ):
होतं. माझं मेडिकल आहे, म्हणून सांगते. एकेकट्या गोळीने बहुतेकांना काही होत नाही, पण काकूंच्या पोटात एकाच वेळी तीन गेल्या, अ‍ॅझिथ्रो, डॉम्पेरिडोन आणि एस्सिटालोप्राम, तिन्ही क्यूटी लांबवणाऱ्या, म्हणजे ठोक्यानंतर हार्टला पुन्हा तयार व्हायला जास्त वेळ लागतो. त्यात लघवीच्या गोळीने पोटॅशियम, मॅग्नेशियम उतरतं, वय आणि बाईमाणूस, त्यांना धोका आणखी जास्त. क्यूटीसी ५०० च्या वर गेलं तर ठोके भलतेच वेडेवाकडे होऊ शकतात. डॉम्पेरिडोन शक्यतो आठवड्यापेक्षा जास्त देऊ नका असं युरोपात २०१४ लाच सांगितलंय, आपल्याकडे लोक चिठ्ठी न दाखवता वर्षानुवर्षं नेतात, मला फार काळजी वाटते याची. एस्सिटालोप्राम मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका, डोस किती ते विचारा, वयस्कर माणसांना सहसा १० एमजीच्या वर देत नाहीत.

उत्तर (ऐरोली):
डोळ्यांचे ड्रॉप्स पण सांगा डॉक्टरांना!! आमच्या बाबांची पल्स ४२ वर आलेली, मेटोप्रोलॉल चालू होतं आणि काचबिंदूसाठी टिमोलॉल, दोन्ही ठोके कमी करणारी, ड्रॉप डोळ्यातून नाकात उतरून रक्तात जातो हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. ड्रॉप टाकल्यावर नाकाजवळचा कोपरा थोडा वेळ दाबून धरायचा. आता ड्रॉप बदललाय, पल्स ठीक आहे.

प्रश्नकर्ता:
पोटॅशियम ३.१ आलं, म्हणजे कमीच. मॅग्नेशियम उद्या करतोय, सगळ्या गोळ्या पिशवीत भरूनच नेतो. एस्सिटालोप्राम १५ चालू आहे, ते विचारतो.

उत्तर (नेरुळ):
नक्की विचारा. आणि पोटॅशियम भरून आल्यावर ईसीजी परत काढायला सांगा. तोवर पुन्हा चक्कर आली तर क्लिनिकमध्ये थांबू नका, सरळ कॅज्युअल्टीत न्या.