निकोटिनचा अहवाल आणि हृदयाची गोळी
निकोटिनच्या जनुकीय चाचणीचा अहवाल वडिलांच्या स्टेंटनंतरच्या गोळीसाठीही चालेल का, असे आपण विचारले आहे. तसे होत नाही. निकोटिनचे कोटिनीन या दुसऱ्या पदार्थात रूपांतर मुख्यतः यकृतातील सीवायपी२ए६ हे विकर (एन्झाइम) करते; स्टेंटनंतर गुठळी होऊ नये म्हणून देतात ती क्लोपिडोग्रेल ही गोळी मात्र सीवायपी२सी१९ या वेगळ्या विकरामुळे सक्रिय होते, आणि हे विकर ज्यांच्यात निष्क्रिय असते (आपल्याकडे असे लोक कमी नाहीत) त्यांना गोळी नियमित घेऊनही गुठळीचा धोका राहू शकतो, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला. बडोद्यात माझ्या काकांची हीच सीवायपी२सी१९ ची चाचणी आम्ही आग्रहाने करून घेतली आणि अहवालानंतर डॉक्टरांनी औषध बदलले. या चाचणीचा अहवाल येईपर्यंत वडिलांची गोळी कृपया थांबवू नका.