मदत हवी आहे: ताणासाठीच्या छोट्या सवयी टिकतच नाहीत

वैतागराव: सकाळी उठून दीर्घश्वसन, थोडं चालणं, रात्री वहीत लिहिणं. सगळं सुरू केलं, सगळं बंद पडलं. चिडचिड तशीच, मान आखडलेली, झोप नाही. 'मनाचा निर्धार करा' वगैरे ऐकून झालंय. नेमकं काय करू ते सांगा. जरा लवकर.

निवांत_७: २१ दिवस सलग करा. सवय लागतेच.

चिकित्सक: आलं का पुन्हा २१! मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं, की रुग्णाला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस जातात. 'किमान' गळलं, आकडा उरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात सवय लागायचा मध्यक ६६ दिवस निघाला, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त, कुणाला १८ तर कुणाला २५४. मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यातच आहे.

निवांत_७: माझी लागली २१ त. तुमचे आकडे तुम्हाला लखलाभ.

सखी_: धागाकर्ते, ताण कसला? झोपता किती वाजता?

वैतागराव: कामाचाच. झोपेची वेळ ठरलेली नाही. ते जाऊ द्या, सवयींचं बोला.

दंडबैठक: श्वासबिस सोडा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. घाम गाळा.

मंदश्वास: दमलेल्या माणसाला दीडशे मिनिटं? मिनिटाला साधारण सहा श्वास, सोडताना जास्त वेळ. श्वास सोडताना ठोके मंदावतात, मनगटावर बोट ठेवून बघा.

दंडबैठक: नियमित व्यायामाने आराम करतानाचे ठोके एरवीही मंदावतात.

पानगळ: ध्यानाने माझं वजन उतरलं. रात्री उशिरा खाऊ नका.

सखी_: वजनाचं कुणी विचारलंय? धागाकर्ते, वेळ ठरलेली नाही म्हणजे? कामाच्या पाळ्या आहेत का?

वैतागराव: हो, दर आठवड्याला बदलते. त्यात काय सांगायचं?

सखी_: अहो, तेच तर आधी सांगायचं! रात्रपाळीच्या आठवड्यात 'सकाळी उठून' कसं जमेल? सवय घड्याळाला बांधू नका, कुठल्याही पाळीत जे होतंच त्याला बांधा. बूट काढले की बसून दहा श्वास. दात घासले की पुढची कामं कागदावर. मी परिचारिका आहे, पाळ्यांमध्ये माझं एवढंच टिकलंय. दिवसा झोपताना खोलीत पूर्ण अंधार हवा. पाळीच्या उत्तरार्धात कॉफी नको, कॅफीन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. आणि झोप अशीच राहिली तर डॉक्टरांना दाखवा, तिथे सवयींवर भागत नाही.

चिकित्सक: +१. २०१८ च्या एका प्रयोगात झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली.

हिरवी_शाई: अवांतर: शाईपेनने लिहा. हात आपोआप सावकाश चालतो.

निवांत_७: आणि चादरीवर डाग पडले की नवा ताण.

वैतागराव: बुटांचं आजच करून बघतो. पण दारात पाय ठेवला की मुलगी अंगावर झेपावते. कसले दहा श्वास?

सखी_: तिला मोजायला बसवा. केवढी आहे? हेही सांगितलं नव्हतंत.