'दोकुगाकु', 'नाराउ' आणि आपलं 'शिकणे'

कंदील: मी अकरावीत आहे. दहावीच्या सुट्टीपासून घरीच जपानी शिकतेय. आमच्या गावात क्लास नाही. हिरागाना, काताकाना या दोन लिप्या झाल्या, डिसेंबरात पुण्याला जाऊन एन-५ ही जपानीची सर्वांत सोप्या पातळीची परीक्षा द्यायचा विचार आहे. जपानी पत्रमैत्रिणीला लिहिलं, 'दोकुगाकु दे निहोंगो ओ नाराइमाशिता', म्हणजे जपानी आपली आपण शिकले. तिचा उलट प्रश्न, 'कुणाकडे?' काय चुकलं? कोशात तर 'नाराउ = शिकणे' असंच आहे. आणि 'दोकुगाकु'ला मराठीत एका शब्दात काय म्हणू?

पारंबी: कोश खोटा नाही, अपुरा आहे. 'नाराउ'मध्ये शिकवणारा माणूस गृहीत असतो: पोहणं, पियानो, गाडी, असं कुणाकडे तरी जाऊन शिकायचं ते. आपल्याकडे 'पेटी शिकतेय' म्हटलं की 'कुणाकडे गं?' हे वेगळं विचारावं लागतं. 'नाराउ' म्हटलं की शिकवणारा आलाच. तू एका दमात 'कुणी शिकवलं नाही' आणि 'शिकवणाऱ्याकडून शिकले' असं दोन्ही म्हणून बसलीस. 'दोकुगाकु दे निहोंगो ओ बेन्क्यो शितेइमासु' लिही; 'बेन्क्यो' म्हणजे अभ्यास. शिकणं अजून चालू आहे, म्हणून 'शितेइमासु', आपल्या 'करतेय'सारखं.

कंदील: पण ताई, यूट्यूबवर एक सेन्सेइ, म्हणजे शिक्षक, आहेत, त्यांचे व्हिडिओ रोज बघते. मग 'नाराउ' चालेल ना?

पारंबी: तू काय लिहितेस ते त्यांना दिसतं का? चूक दाखवतात का? नाही ना, मग दोकुगाकुच.

तिरकस: आता कुणीतरी एकलव्य आणणार, तर मीच आणतो. एकलव्याला विचारलं असतं तर तो 'नारात्ता' (गुरूकडे शिकलो) म्हणाला असता, द्रोणांनी 'दोकुगाकु' म्हणायला हवं होतं. 'नारात्ता' धरलं म्हणून तर अंगठा मागता आला.

पारंबी: 😄 याला तोड नाही.

घासाघीस: 'बेन्क्यो'ची दुसरी बाजूही ऐका. कामानिमित्त ओसाकाला होतो तेव्हा एका दुकानात भाव जास्त वाटला म्हणून घुटमळलो, तर मालक हसून म्हणाला, 'बेन्क्यो शिमासु.' मला वाटलं, हा आता अभ्यासाला बसतोय की काय! त्याचा अर्थ 'किंमत कमी करतो'. या शब्दातल्या दोन कांजींचे, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अक्षरांचे, अर्थ साधारण 'झटणे' आणि 'जोर'. अभ्यास काय, सूट काय, दोन्ही जिवावर येऊनच होतात.

कंदील: काका, मग 'दोकुगाकु'मधल्या 'दोकु'लाही काही दुसरा अर्थ आहे का?

घासाघीस: आहे की! 'दोकु' म्हणजे एकटं, 'गाकु' म्हणजे विद्या. पण तीच 'दोकु'ची कांजी जर्मनीसाठीही संक्षेप म्हणून वापरतात. 'दोकुगो' म्हणजे जर्मन भाषा, आणि 'दोकुगो' म्हणजे स्वतःशी बोलणंही. संदर्भ बघायचा, दुसरा उपाय नाही.

पारंबी: मराठी शब्दाचं बघू. 'स्वाध्याय' मुळात भारदस्त, पण पाठ्यपुस्तकांनी त्याचं धड्याखालचे प्रश्न करून टाकलं. 'स्वयंअध्ययन' परिपत्रकात शोभतं. 'आपलं आपण शिकले' हेच मला सर्वांत खरं वाटतं. एक शब्द नाही मिळाला तर नाही मिळाला.

तिरकस: हिशोब फिटवायचा तर उलटा शब्द देतो: गिरवणे. छापलेल्या अक्षरावरून पेन्सिल फिरवायची, यासाठी जपानीतही एकच शब्द आहे, 'नाझोरु'. 'गिरवण्या'ची वही म्हणजे 'नाझोरिगाकी'ची वही. हिरागाना गिरवूनच शिकलीस ना?

कंदील: हो! 'नु' आणि 'मे' अजूनही गिरवतेय. 'नु'च्या शेपटीला गाठ असते, ती द्यायची राहिली की 'मे' होतो.

पारंबी: बाकी पत्र ठीक आहे का बघ. स्वतःबद्दल काय लिहिलंस?

कंदील: 'वाताशि वा गाकुसेइ देसु.' मी विद्यार्थिनी आहे. पहिल्याच धड्यातलं वाक्य.

पारंबी: चूक म्हणणार नाही, पण काटेकोर बोलायचं तर 'गाकुसेइ' कॉलेज-विद्यापीठातले. माध्यमिक आणि उच्च माध्यमिकचे 'सेइतो', प्राथमिकचे 'जिदो'. तू सरळ 'कोकोसेइ' लिही, त्यात तुझी इयत्ता साधारण कळते. तिकडची 'कोको' म्हणजे दहावी ते बारावी.

तिरकस: पण आपल्याकडे अकरावी म्हणजे ज्युनियर कॉलेज. मग गाकुसेइ की सेइतो?

कंदील: काका, माझं पत्र आज जायचंय!