पगार काका, जरा पगाराचं बघा ना

सोसायटी ग्रुप, पाथर्डी फाटा, नाशिक
रविवार सकाळ

सेक्रेटरी (ए-१०१): सर्वांना नमस्कार 🙏 पुढच्या रविवारी वार्षिक सभा आहे. वर्षाच्या खर्चाचा अंदाज परवाच टाकलाय वर, पण उघडून बघितलेले सहाच जण दिसताहेत. काही हरकत असेल तर इथेच लिहा, सभेत ऐन वेळी वाद नको

अहिरे (सी-१०४): सिक्युरिटीचा आकडा एवढा कसा वाढला. रात्री १२ नंतर वॉचमन खुर्चीत झोपलेला असतो मी स्वतः बघितलाय. एक माणूस कमी करा, पैसे वाचतील

जोशी आजी (ए-२०१): शुभ सकाळ. आज पाणी कधी येणार आहे

निखिल (बी-२०३): अहिरे भाऊ सगळीकडे हीच बोंब आहे. आमच्या गावाकडे माझा मावसभाऊ नगरसेवक झालाय, क वर्गाची म्हणजे छोटी नगरपरिषद आहे, उद्या बजेटची सभा आणि पुस्तक हातात पडलं काल संध्याकाळी. मला म्हणे तू एक्सेलवाला, कुठल्या खात्यात काटछाट करता येईल ते काढून दे. रात्री दोन वाजेपर्यंत बसलो होतो. सगळा पैसा पगारातच जातो असं लोक म्हणतात पण पुस्तकात तसं दिसतच नाहीये, उलट आरोग्य खात्याचा पगार तीन वर्षं सलग खाली येतोय. म्हणजे सुधारणा झालीय म्हणायची का?

मीनाक्षी ताई (बी-४०१): निखिल, पगार काकांना विचार की. अख्खी नोकरी त्यांची नगरपरिषदेत गेली

अहिरे (सी-१०४): पगार काका पगाराचं बघा 😂

पगार काका (ए-३०२): माझ्या आडनावावरचा हा विनोद १९८५ पासून ऐकतोय अहिरे, नवीन काही असेल तर सांगा. निखिल ती पीडीएफ टाक इथे, चष्मा शोधतो

निखिल (बी-२०३): टाकली. स्कॅन जरा तिरका आहे

पगार काका (ए-३०२): बघितलं. आता जरा मोठं लिहितो कोणी मधे मधे गुड मॉर्निंग टाकू नका. पहिली गोष्ट, बजेटचं पुस्तक "पुढील वर्षाचा अंदाज" या रकान्यापासून वाचायचंच नाही, तो रकाना म्हणजे लग्न जमवताना सांगितलेला पगार. आधी बघायचं मागच्या वर्षीचं प्रत्यक्ष, मग चालू वर्षाचा मंजूर अंदाज, मग त्याचाच सुधारित अंदाज, आणि सगळ्यात शेवटी पुढचं वर्ष. तुझ्या गावचं जमेचं पान बघ, मालमत्ता कराची सगळी थकबाकी यंदा वसूल होणार असं धरलंय आणि प्रत्यक्षच्या रकान्यात निम्मीसुद्धा दिसत नाही. जमा फुगवली की खर्चाला जागा होते, प्रत्येक प्रभागाला एकेक गटार एकेक रस्ता लिहिता येतो आणि शेवटी चार-पाच हजारांची शिल्लक दाखवून बजेट शिलकी. मग वर्षभर पैसे येतात तेवढेच येतात आणि बोंब होते की पगारात सगळं गेलं

निखिल (बी-२०३): शिल्लक ७,४१२ रुपये आहे 🙈

पगार काका (ए-३०२): बघ. आता आरोग्य खातं, म्हणजे नगरपरिषदेत मुख्यतः साफसफाई. पगार खाली का आला तर माणसं रिटायर झाली आणि जागा भरल्या नाहीत, बास. झाडायचे रस्ते कमी झाले का, उलट हद्दीबाहेर प्लॉटिंग झालं असेल तिथेही गाडी जात असेल. मग काम कोण करतंय? भांडवली खर्च म्हणजे नवी बांधकामं वगैरे सोडून दे, महसुली म्हणजे रोजच्या चालू खर्चाच्या शेवटच्या पानांवर "घनकचरा व्यवस्थापन" असं लिहिलेलं असेल, तिथे ठेक्याचा आकडा शोध आणि तीन वर्षांचा शेजारी शेजारी लाव

(वीस मिनिटांनी)

निखिल (बी-२०३): काका. पगार जेवढा कमी झालाय त्याच्या दुपटीहून जास्त ठेका वाढलाय

पगार काका (ए-३०२): मग तोही पगारच की रे. फक्त आस्थापना म्हणजे पगार-भत्ते या शब्दाखाली लिहिला नाही. कायम सफाई कामगाराचा पगार आस्थापनेत येतो, ठेक्यावरच्या बाईचा पगार "सेवा" मध्ये येतो, झाडू तोच रस्ता तोच. आपल्या नाशिक महापालिकेचं ऐकता ना पेपरात, आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या वर गेला म्हणून भरती अडली, त्या ३५ टक्क्यांच्या मर्यादेमुळेच तर सगळीकडे ठेक्याला माणसं घ्यायची सवय लागली. टक्केवारी बरी दिसते आणि खर्च तिथल्या तिथेच

अहिरे (सी-१०४): पण काका कायमवाले काम कुठे करतात. सातवा वेतन घेऊन टपरीवर बसतात. माझ्या मेव्हण्याच्या गल्लीत तर महिना महिना कोणी येत नाही

पगार काका (ए-३०२): बसणारे बसतात, मी नाही म्हणत नाही. मस्टरवर सही करून पहाटेच गायब होणारे मी बघितलेत आणि त्या मुकादमाला कोण वाचवायचं तेही बघितलंय. पण आकडा माहीत असू द्या. सातव्या वेतनात सफाई कामगाराची सुरुवात १५,००० मूळ वेतनाने आहे आणि लिपिकाची १९,९०० ने, वर महागाई भत्ता जो जानेवारी आणि जुलैपासून बदलतो आणि घरभाडं. घरभाडं नाशिकला वाय वर्गाचं, तालुक्याच्या गावाला झेड वर्गाचं म्हणजे बरोबर निम्मं. हे सगळं राज्याने ठरवलेलं असतं, नगरसेवकाने सभेत कितीही टेबल आपटलं तरी कारकुनाचं एक रुपया मूळ वेतन कमी होत नाही

मीनाक्षी ताई (बी-४०१): मग काटछाट करायची तरी कुठे? निखिलच्या भावाने बोलायचं काय उद्या?

पगार काका (ए-३०२): सांगतो, गोळी घेऊन येतो

जोशी आजी (ए-२०१): पाण्याचं कोणीच सांगितलं नाही

सेक्रेटरी (ए-१०१): आजी साडेदहाला येईल

पगार काका (ए-३०२): हां. पाणीपुरवठा खातं उघड निखिल. तिथे पगार बघत बसू नकोस, पंपांचं वीजबिल बघ आणि त्याच्या शेजारी पाणीपट्टीची प्रत्यक्ष वसुली ठेव. छोट्या गावात हा खड्डा सगळ्यात मोठा असतो आणि कोणी बोलत नाही कारण पाणीपट्टी वाढवा असं म्हणणारा नगरसेवक परत निवडून येत नाही. मग बांधकाम खातं, तिथे अभियंता किती आहेत विचार. मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि एकाच इंजिनीयरकडे अजून कुठल्या गावाचा अतिरिक्त कार्यभार आहे. पगार वाचला म्हणून खूश व्हायचं आणि मग कामाची मोजमापं घ्यायला माणूस नाही म्हणून बिल तसंच मंजूर करायचं, यात वाचलेल्या पगाराच्या कितीतरी पट जातात. हे मी टेबलावर बसून बघितलंय, गावाचं नाव सांगत नाही

अहिरे (सी-१०४): सांगा की 😄

पगार काका (ए-३०२): पेन्शन चालू आहे अजून माझी

निखिल (बी-२०३): काका एक शंका. वित्त आयोगाचे पैसे येतात म्हणे भरपूर, आणि तरी पगार दोन दोन महिने लांबतात, भाऊ सांगत होता दिवाळीत कामगार गेटवर बसले होते. त्यातून का देत नाहीत?

पगार काका (ए-३०२): कारण चालत नाही. १५ व्या वित्त आयोगाचं बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छतेच्या कामाला बांधलेलं, आणि अबंधित जे आहे ज्याला सगळे मोकळा पैसा समजतात तेसुद्धा पगार आणि आस्थापनेला वापरता येत नाही, स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणून बँकेत कोटी रुपये पडून असतात आणि सफाई कामगाराला द्यायला नसतात, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही त्याला वाटतं पैसे खाल्ले. पगार येतो कुठून तर राज्याच्या सहायक अनुदानातून आणि उरलेला स्वतःच्या वसुलीतून. आता हे अनुदान का सुरू झालं ते ऐका. मी नोकरीला लागलो तो जकात नाक्यावर, रात्रपाळी, थंडीत शेकोटी करून बसायचो, कांद्याचे ट्रक यायचे जायचे, पावती फाडायची आणि सकाळी रोख मोजून पिशवी घेऊन सायकलवर बँकेत. रोजचा पैसा होता तो. पगार कधी थांबला नाही तेव्हा. १९९९ ला नगरपरिषदांची जकात गेली आणि त्या बदल्यात अनुदान आलं, तेव्हापासून मुख्याधिकाऱ्यापासून शिपायापर्यंत सगळे वरून हप्ता येण्याची वाट बघतात. महापालिकांचं जरा नंतर झालं, नाशिकला २०१३ ला जकात जाऊन एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, मग जीएसटी, आणि त्या भरपाईत दरवर्षी ८ टक्के वाढ धरलेली आहे. छोट्या गावांना एवढं सुख नाही

मीनाक्षी ताई (बी-४०१): हे मला माहीतच नव्हतं

पगार काका (ए-३०२): आणि अजून एक, पुस्तकात न दिसणारं. रिटायर झालेल्यांचं उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, आणि रजा रोखीकरण म्हणजे शिल्लक रजेचे पैसे. आमच्याकडे एक सफाई कामगार बाई होत्या, त्यांची फाइल पूर्ण तयार होती, माझ्याच हाताची, रकमेखाली लाल शाईची रेघ मारलेली, आणि निधी नाही म्हणून अडीच वर्षं कपाटात होती. दर सोमवारी बाजाराच्या पिशवीसकट यायच्या आणि दाराशी उभ्या राहायच्या, बसा म्हटलं तरी बसायच्या नाहीत. निखिल, भावाला सांग थकीत देण्यांची यादी माग, बजेटला जोडलेली नसली तरी माग. अमुक खात्याचा खर्च कमी झाला असं जिथे लिहिलंय तिथे आधी बघायचं की कमी झाला का नुसता दिलाच नाही

निखिल (बी-२०३): हे सगळं तो विचारेल पण तिथे म्हणतील माहिती घेऊन सांगतो, आणि विषय संपला

पगार काका (ए-३०२): म्हणू दे. माहिती अधिकार कायद्यात २००५ पासून आहे, कलम ४ मध्ये १७ बाबी ऑफिसने न मागता स्वतःहून जाहीर करायच्या, त्यातली १० वी म्हणजे प्रत्येक अधिकारी कर्मचाऱ्याचा महिन्याचा पगार आणि ११ वी म्हणजे बजेट कुठल्या कामाला किती. वेबसाइटवर असायला पाहिजे. नसेल तर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज, ३० दिवस. पण नुसतं पगाराची यादी मागून गावात फोटो फिरवू नका, त्याने कारकुनाच्या पोरीचं लग्न मोडतं बाकी काही होत नाही. ठेक्याच्या माणसांची यादी मागा, किती माणसं, कोणाच्या पीएफ खात्यात किती भरले, त्याचं चलन म्हणजे भरल्याचा कागद

मीनाक्षी ताई (बी-४०१): काका एक मिनिट. मग आपलं काय

पगार काका (ए-३०२): आपलं काय म्हणजे

मीनाक्षी ताई (बी-४०१): मी आत्ता सेक्रेटरींचं एक्सेल उघडलं. "पगार" असा रकाना आहे त्यात फक्त झाडूवाल्या मावशी आहेत. वॉचमन "सिक्युरिटी सेवा" मध्ये. तीन जणांचं बिल जातंय एजन्सीला, वर १८ टक्के जीएसटी. पण त्या रात्रीच्या दादांच्या हातात किती पडतात हे आपल्यापैकी कोणाला माहीत आहे का?

(कोणीच काही लिहीत नाही. "टायपिंग" दिसतं आणि जातं.)

सेक्रेटरी (ए-१०१): ते एजन्सी बघते ना ताई, आपला संबंध येत नाही. करार आहे

पगार काका (ए-३०२): नगरपरिषदेतपण अगदी हेच वाक्य असायचं हो

निखिल (बी-२०३): 😬

अहिरे (सी-१०४): हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे

संध्याकाळी

पगार काका (ए-३०२): खाली जाऊन चहा पाजून आलो. सटाण्याकडचे आहेत, बायको गावी, द्राक्षाच्या सीझनला पूर्वी पिंपळगावला पॅकिंगला जायचे. ड्युटी १२ तास. आपण एजन्सीला माणशी १८,५०० देतो जीएसटी सोडून, यांच्या हातात ११,००० पडतात. पीएफ कापतात असं सांगितलंय पण नंबर दिलेला नाही, सुट्टी घेतली तर त्या दिवसाचे कापतात आणि आठवड्याची सुट्टी म्हणजे काय ते त्यांनी मलाच विचारलं. दिवसा दुसरीकडे पार्किंगला उभे राहतात चार तास. अहिरे, ते १२ नंतर का झोपतात ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर

अहिरे (सी-१०४): मला काय माहीत काका. मी आपलं बिल बघून बोललो

पगार काका (ए-३०२): तुमची चूक नाही, बिलात असतंच कुठे ते

सेक्रेटरी (ए-१०१): मी एजन्सीवाल्याला फोन केला. किमान वेतनाचा तक्ता आणि तिघांचं पीएफचं चलन मागितलं. आधी म्हणाला कोणी तक्रार केली का नाव सांगा, मी म्हटलं तक्रार नाही सभेला कागद लागतो. सोमवारी देतो म्हणालाय. तोपर्यंत दादांना कोणी काही बोलू नका प्लीज, उद्या त्यांनाच बदलून टाकेल

मीनाक्षी ताई (बी-४०१): आणि तक्त्यात सिक्युरिटीची ओळ फोडून लिहा, माणसाचा पगार वेगळा, एजन्सीचं कमिशन वेगळं, टॅक्स वेगळा

सेक्रेटरी (ए-१०१): लिहितो. मग आकडा वाढू शकतो हे आत्ताच सांगून ठेवतो

मंगळवार

निखिल (बी-२०३): काल सभा झाली. भावाने ठेका आणि पगार शेजारी शेजारी लावलेला कागद सगळ्यांना वाटला. दहा मिनिटं शांतता. मग एका ज्येष्ठ नगरसेवकाने विचारलं हा कागद तुला कोणी करून दिला 😄 उत्तर अर्थात माहिती घेऊन सांगतो. पण थकीत उपदानाची यादी इतिवृत्तात घ्या असं तो अडून बसला आणि लिहून घेतलं

पगार काका (ए-३०२): इतिवृत्ताची सहीची प्रत घ्यायला सांग. आजच. नंतर वाक्य बदलतं

सेक्रेटरी (ए-१०१): एजन्सीकडून चलन आलं. तिघांपैकी एकाचंच नाव आहे. बाकी दोघांचं "प्रोसेसमध्ये". रविवारी हा विषय पहिला घेतोय, नवीन एजन्सीचे दोन दर मागवलेत आणि याच तिघांना घ्यायचं अशी अट टाकणार आहे. मेंटेनन्स फ्लॅटमागे थोडा वाढेल, रविवारी ठरवू

जोशी आजी (ए-२०१): वाढवा. आणि पाण्याचं पण घ्या विषयात

अहिरे (सी-१०४): मेंटेनन्स वाढणार असेल तर मग मी येतो सभेला. किती वाजता आहे